माणकातली हिरवी रेघ

ती नळी घेतली नसती तर बरं झालं असतं, असं आता सगळेच म्हणतात. त्यात मीही आहे. पण घेतली तेव्हा मला कुणी अडवलं नव्हतं, हेही इथे नोंदवून ठेवतो. बायकोने फक्त "आता हे काय नवीन?" एवढंच विचारलं होतं, आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की या प्रश्नाला विरोध समजत नाहीत.

नळी म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप. करंगळीएवढी, काळी. एका टोकाला बारीक फट, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. फटीतून आत गेलेला उजेड फुटतो आणि तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा दिसतो. रत्नातून आलेला उजेड पाहिला तर त्या पट्ट्यात कुठे कुठे काळोख दिसतो, काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक रत्नाच्या रेघा ठरलेल्या. सोनार खोटं बोलेल, गिऱ्हाईक खोटं बोलेल, पण रेघा खोटं बोलत नाहीत, असं मी त्या दिवसांत उठताबसता म्हणत असे. आता आठवलं की कानशिलं तापतात.

मी वजनमापे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. तराजू तपासायला निरीक्षक जातात, मी नुसते दाखले लिहितो. पण इमारतीत सगळे मला 'मापेसाहेब' म्हणतात आणि मी कधी कुणाची चूक सुधारली नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचा खरेपणा रजिस्टरात चढवला की माणसाला वाटायला लागतं, खरंखोटं आपल्याला नुसत्या नजरेने कळतं. हा आमच्या खात्यातला आजार आहे. त्यावर रजा मिळत नाही.

नळी बाहेरून मागवली होती, त्यामुळे ती आधी पार्सल कचेरीत अडकली. खिडकीतल्या कारकुनाने डब्यावर पेन्सिलीने 'दुर्बीण?' असं लिहून ठेवलं होतं.

"दुर्बिणीला परवानगी लागते," तो म्हणाला.

"दुर्बीण नाही ही. हिच्यातून लांबचं काही दिसत नाही."

"मग जवळचं दिसतं?"

"जवळचंही दिसत नाही. रंग दिसतात."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "रंग मला तसेही दिसतात," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

चार खेपा झाल्या. शेवटी असं ठरलं की वस्तू काय आहे याचा छापील पुरावा फायलीला जोडायचा. नळीबरोबर माहितीची एक पुस्तिका आली होती. तिचं पहिलं पान फाडून द्या, म्हणाला. दुसरा कुणी असता तर वाद घातला असता. पण मी जातीचा कारकून. समोरच्याची फाईल पूर्ण होताना पाहिली की मला आतून बरं वाटतं. मी खिशातली पट्टी काढली, पान पट्टी लावून फाडलं, वर उजव्या कोपऱ्यात माझी सहीसुद्धा केली. त्या पानावर काय छापलंय ते वाचलं नाही. पहिल्या पानावर नेहमी 'आपण ही वस्तू घेतल्याबद्दल अभिनंदन' असंच असतं, अशी माझी समजूत होती.

आमच्या घरात सगळ्यात लख्ख उजेड स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटचा. पुस्तिकेच्या उरलेल्या पानांत 'भरपूर उजेड हवा' असं लिहिलं होतं, म्हणून मी ओट्याच्या टोकाला प्रयोगशाळा मांडली. पहिला मान बायकोच्या कानातल्या लाल खड्यांचा. पुस्तिकेतल्या चित्रात माणकाच्या पट्ट्याचा हिरवा भाग काळोखात बुडालेला होता आणि तांबड्याच्या टोकाला दोन केसासारख्या रेघा होत्या. बायकोच्या खड्यात भलतंच. मधोमध हिरवी रेघ, ठसठशीत, नुकतीच रंगवल्यासारखी.

"काच आहे," मी म्हणालो.

"माझ्या मावशीने दिलंय ते."

"मावशीचा दोष नाही गं. मावशीलाही कुणीतरी फसवलं असेल."

कानातलं पुन्हा घालून ती कणीक मळायला लागली, जरा जोरातच.

बातमी इमारतीत पसरायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. खालच्या मजल्यावर 'अनुभवी' राहतात. विषय गळक्या नळाचा असो की गुडघेदुखीचा, "माझा अनुभव सांगतो" असं म्हणून ते सुरू करतात, म्हणून हे नाव. ते त्यांची निळ्या खड्याची अंगठी घेऊन आले. नळीत बघितलं तर तीच हिरवी रेघ. समोरच्या काकूंचं पाचूचं पदक आलं, त्यातही तीच. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचे पुष्कराज, कुणाच्या तरी सासूबाईंचा लोलक, सगळ्यांत तीच रेघ, त्याच जागी. चार दिवसांत मी इमारतीतले सतरा खडे तपासले आणि सतराच्या सतरा खोटे निघाले.

इथे शहाण्या माणसाने काय करावं? शहाण्या माणसाने नळीवर संशय घ्यावा. मी इमारतीवर घेतला. नाही, तेही चूक आहे, मला इमारतीची कीव आली. एवढी सुशिक्षित माणसं, आणि घरोघरी काच! जिन्यात कुणी भेटलं की मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचो. अनुभवी म्हणाले, "माझा अनुभव सांगतो, मापेसाहेब, मला ही अंगठी पहिल्यापासून हलकीच वाटत होती." त्यांनी ती काढून कपाटात टाकली आणि माझा शब्द पक्का झाला.

इथपर्यंत झालं ते हसण्यावारी नेता आलं असतं. पुढचं नाही नेता येत.

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, कामाला लागलेला. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. आईने शाळांचे गणवेश शिवून त्याला वाढवलं. एका खोलीचं घर, त्यात दोन शिवणयंत्रं, आणि भिंतीला लागून निळ्या कापडाच्या थप्प्या छतापर्यंत. लग्न पक्कं झालं त्या दिवशी बाईंनी स्वतःच्या बोटातली लाल खड्याची अंगठी काढून माझ्या भाचीच्या बोटात घातली. "माझ्या आईची आहे," एवढंच म्हणाल्या. त्या घरात दागिना म्हणावा अशी ती एकच वस्तू होती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

पुढच्या रविवारी ताई आणि भाची आमच्याकडे चहाला आल्या. भाचीच म्हणाली, "मामा, माझीपण बघ ना तुझ्या नळीत." थट्टेतच म्हणाली. मी ट्यूबखाली अंगठी धरली, डोळा लावला, आणि समोर हिरवी रेघ.

मी गप्प बसायला हवं होतं. तसा बसलोही. पण कसा बसलो? मोठा सुस्कारा टाकून, नळी हळूच डबीत ठेवून, कपातल्या चहाकडे बघत.

"काय झालं रे?" ताईने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"मी काही बोलणार नाही," मी म्हणालो. म्हणजे बोललोच.

ताईचा चेहरा उतरला. भाची मात्र खळखळून हसली. "काच तर काच. मला काय अंगठीशी लग्न करायचंय?"

"तुला चालेल गं," ताई म्हणाली, "पण त्यांनी आपल्याला काय समजलं? खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" आणि ती माझ्याकडे बघायला लागली. मामा म्हणून, मापेसाहेब म्हणून, घरातला शिकलासवरला म्हणून. त्या नजरेपुढे मी वाहवत गेलो. मी म्हणालो, काळजी करू नकोस, सरकारी प्रयोगशाळेचा दाखला आणतो, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी माझ्या हातात चार पानी अर्ज दिला. तो इतका सुरेख आखलेला होता की मी घटकाभर येण्याचं कारणच विसरलो. रकाना सात: वस्तू अर्जदाराकडे कशी आली. खरेदी असल्यास पावती, भेट असल्यास आधीच्या मालकाचं सहीनिशी निवेदन.

"निवेदन नसेल तर?" मी विचारलं.

"तर रकाना सात रिकामा राहील."

"आणि रिकामा राहिला तर?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. रिकाम्या रकान्याचं काय होतं हे मला विचारावं लागावं, याची मला तिथे लाज वाटली. खरी लाज कुठे वाटायला हवी होती ते अजून कळायचं होतं.

अनुभवींनी सल्ला दिला: "माझा अनुभव सांगतो, अशा गोष्टी लग्नाआधी स्पष्ट बोलून मोकळं व्हावं." बायको म्हणाली, "मुलाच्या आईला काही विचारू नका हो." दोन्ही सल्ल्यांपैकी मी कुठला घेतला ते सांगायला नको. मी मुलाच्या आईला फोन लावला. अंगठीची पावती आहे का, नसेल तर एक सही लागेल, अशी गोड सुरुवात केली. त्यांनी विचारलं, कशासाठी. मग मी जे वाक्य बोललो ते मला आजही रोज एकदा तरी ऐकू येतं. मी म्हणालो, "आमचं काही म्हणणं नाही, पण शास्त्र वेगळं सांगतंय."

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं. ते थांबलं.

"काच आहे का?" त्यांनी विचारलं.

"तसं दिसतंय."

मग म्हणाल्या, "तुम्ही बघितलंय म्हणजे तसंच असणार, भाऊ. मी उद्या येऊन घेऊन जाते. दुसरी करून देईन."

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या; ताईही आली होती. बाहीला निळा दोरा चिकटलेला होता. घाईघाईने निघाल्या असाव्यात. ताईने मान खाली घालून अंगठी दिली. बाईंनी जाताना माझे दोन्ही हात धरले. "उपकार झाले, भाऊ. तुमच्या मुलीच्या बोटात काच घालून मी जन्मभर मिरवले असते." मला वाटलं, किती समजूतदार बाई. आणि सांगायला लाज वाटते, पण मला जरा विजयी वाटलं. त्या संध्याकाळी मी दोनदा चहा मागितला.

आठवड्याने बायको ओटा पुसत होती. नळी हलवायची म्हणून तिने उचलली आणि सहज डोळ्याला लावली. तोवर मी तिला हात लावू दिला नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "यात खड्याशिवायच हिरवी रेघ दिसतेय."

"उलटी धरली असशील."

"नाही हो. नुसती ट्यूबकडे धरलीय."

मी नळी घेतली. ट्यूबकडे बघितलं. हिरवी रेघ. ठसठशीत. मग स्टीलच्या चमच्याकडे बघितलं, तिथेही होती. डब्याच्या झाकणावर होती. पाण्याच्या तांब्यावर होती. बायकोने नळी माझ्या हातातून घेतली, माझ्याकडे रोखली आणि म्हणाली, "तुमच्या टकलावरपण आहे."

ती रेघ खड्यांची नव्हतीच. ट्यूबलाइटची होती. खड्याच्या पाठीवरून चमकून येणारा ट्यूबचा उजेड मी खड्याचं मनोगत म्हणून वाचत होतो. सतरा खडे, अठरावी अंगठी, सगळ्यांत एकच रेघ होती, कारण सगळ्यांवर एकच ट्यूब होती.

मी खुर्चीत बसलो. बायकोने पाणी दिलं. तिने काही टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मग तिच्या कानाकडे लक्ष गेलं. मावशीचे ते लाल खडे तिने तेव्हापासून एक दिवसही काढले नव्हते. मी काच म्हटल्यानंतरही.

दुसऱ्या दिवशी मी पार्सल कचेरीत जाऊन फायलीतलं ते पान बघायला मागितलं. कारकुनाने ओळखलं. "रंगवाले ना?" पान निघालं. पट्टी लावून फाडलेलं, कोपऱ्यात माझी सही. अभिनंदनाचा शब्द कुठेही नव्हता. सगळ्यात वर, जाड अक्षरांत, चौकटीत: हे उपकरण ट्यूबलाइटच्या उजेडात वापरू नये, पिवळ्या बल्बचा उजेड वापरावा.

तिथून मी तडक मुलाच्या आईकडे गेलो. तडक म्हणजे वाटेत दोनदा चुकीच्या बाजूला वळून. दारात उभा राहिलो तेव्हा त्या गणवेशाला बटणं लावत होत्या. मला बघून त्यांना फार आनंद झाला. "बरं झालं आलात भाऊ. दुसरी अंगठी कारागिराकडे घडायला टाकलीय. जुनं सोनं त्याला मोडायला दिलं."

"आणि खडा?" मी विचारलं.

"कारागिराकडेच सोडला. काच घेऊन काय करू?"

तिथेच सगळं सांगायला हवं होतं. माझ्याच्याने झालं नाही. मी म्हणालो, मलाही एक काम आहे, कारागिराचा पत्ता द्या. त्यांनी गणवेशाच्या मापाच्या चिठ्ठीवर तो लिहून दिला, आणि मी भित्र्यासारखा काढता पाय घेतला.

कारागीर अंगठ्या घडवायचं आणि खडे बसवायचं काम करायचा. पाटाएवढी जागा, समोर दिवा, लाखेचा वास, चिमटे रांगेत. मी आत शिरताच, सवयीने, म्हणालो, "मी वजनमापे खात्यातला. लाल खडे बघायचेत." तो लगेच उभा राहिला आणि काढून टाकलेल्या लाल खड्यांचा पत्र्याचा डबा त्याने माझ्यापुढे ठेवला. मी वाटेत घरून पिवळ्या बल्बचा जुना टॉर्च आणला होता. एकेक खडा चिमट्याने उचलायचा, मागून टॉर्च मारायचा, नळीत बघायचं. लालच्या पुढे सगळा अंधार, म्हणजे काच. पुढचा. पुन्हा काच. पाठ दुखायला लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, दुपारची संध्याकाळ झाली. कारागीर अदबीने बाजूला उभा होता. मध्ये त्याने एकदा पाणी दिलं. डबा संपला. माणिक नव्हतं.

मी कपाळ हातात धरून बसलो. शेवटी सांगितलं, "गणवेश शिवणाऱ्या बाईंनी अंगठी मोडायला दिली होती. त्यातला खडा हवा होता."

"तो होय?" त्याने खण उघडला आणि कागदाची पुडी काढली. वर लिहिलं होतं, 'शिवणवाल्या ताई'. "तो या डब्यात कशाला टाकीन?"

मी टॉर्च लावला. हिरवा भाग काळोखात बुडालेला. तांबड्याच्या टोकाला दोन रेघा, केसासारख्या. अगदी चित्रातल्यासारख्या.

"तुम्हाला माहीत होतं हा खरा आहे?"

"हातात घेतल्याबरोबर. भिंगातून बघा, आत रेशमासारखे बारीक धागे दिसतात. काचेत नाही येत ते, माणसाने बनवलेल्या माणकातही नाही येत."

"मग बाईंना सांगितलं का नाही?"

"दोनदा सांगितलं साहेब. त्या म्हणाल्या, मुलीच्या मामांनी यंत्रात बघितलंय. यंत्रापुढे मी काय बोलणार? पण टाकवेना. ठेवला जपून, कधीतरी पुन्हा विचारीन म्हटलं."

"आणि मी इथे दुपारपासून डोळे फोडत होतो ते?"

तो ओशाळला. "मला वाटलं, खात्यातून तपासणीला आलात."

मी मान वर करून त्याच्याकडे बघू शकलो नाही. मुलीचा मामा मीच, एवढं त्याला सांगायचं होतं, तेही सांगितलं नाही. हाच खडा नव्या अंगठीत बसवा, बाईंना दाखवून परत आणतो, एवढं म्हणून मी पुडी घेतली.

बाईंकडे परत गेलो तर भाची तिथे बसली होती, शिवलेल्या गणवेशांचे सुटे दोरे काढत. आता पळायला जागा नव्हती. मी पुडी टेबलावर ठेवली आणि बोलायला लागलो. ट्यूबलाइट, फट, पट्टा, फाडलेलं पान. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. बाईंनी मध्येच थांबवलं.

"म्हणजे खरा आहे?"

"खरा आहे. चूक माझी होती. सगळी माझी."

"नक्की?"

"कारागीर म्हणतो," मी म्हणालो. माझ्या शब्दावर त्यांनी पुन्हा विश्वास ठेवावा, असं मागायला मला तोंडच नव्हतं.

त्यांनी पुडी उघडली. खडा उजेडाकडे धरला नाही. तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. भाची दोरे काढायची थांबली.

"आठ दिवस झाले भाऊ," त्या म्हणाल्या. "रोज यंत्रावर बसले की मनातल्या मनात आईशी भांडत होते. म्हणत होते, मला कशाला फसवलंस. काच आहे म्हणाली असतीस तरी मी अशीच जपली असती. खूप बोलले तिला. नाही नाही ते बोलले." त्यांचा आवाज चढला नाही, तेच मला सोसेना. "आता तिला काय सांगू?"

"सांगा, मुलीचा मामा मूर्ख आहे म्हणून."

"ते सांगीनच," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मग त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. एकदा हुकला, दुसऱ्यांदा हुकला. भाचीने उठून त्यांच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवून दिला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मला कुणी बस म्हटलं नाही. मी उभाच राहिलो.